ताकदीच्या गोळीमागे लपलेला आजार

(जळगाव आणि धुळे येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचे हे संपादित रूप आहे.)



आपल्या बैठकांमध्ये शिक्षण, नोकरी, स्त्रियांचे हक्क, संविधान असे विषय असतात. त्यात आज व्हिटॅमिनच्या गोळ्या कुठून आल्या, असे काहींना वाटत असेल. पण आपल्या घराघरात काय चालते ते बघा. अम्मीचे गुडघे दुखतात, कॅल्शियम आणा. अब्बूंना थकवा येतो, ताकदीची गोळी आणा. बहिणीचे केस गळतात, केसांचे व्हिटॅमिन आणा. भाऊ जिमला जायला लागला, मोठा डबा आणा. धुळ्यात यंत्रमागावर रात्रपाळी करणारा आणि जळगावात चटईच्या किंवा डाळीच्या कारखान्यात उभा राहून काम करणारा डॉक्टरकडे शेवटी जातो, मेडिकलवर आधी जातो. डॉक्टरकडे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. मेडिकलवर दोन मिनिटांत काम होते. त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

व्हिटॅमिन हा शब्दच असा आहे की तो ऐकून भीती वाटत नाही. अँटिबायोटिक म्हटले की माणूस विचारतो, किती दिवस? व्हिटॅमिन म्हटले की म्हणतो, फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही. हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. आज मला याच वाक्याबद्दल बोलायचे आहे, कारण ते खरे नाही.

आणि याच्या उलटही एक गोष्ट आपल्याकडे घडते. शाळेत सरकारी गोळी मिळाली की घरातून सूचना येते, खाऊ नको, फेकून दे. म्हणजे विकत आणलेली गोळी न विचारता खायची आणि फुकट मिळालेली न विचारता फेकायची. दोन्हीकडे चूक एकच आहे, ती म्हणजे न विचारणे.

गोवंडीत काय झाले

ऑगस्ट २०१८ ची गोष्ट आहे. मुंबईतल्या गोवंडीत, बैंगनवाडी भागात, महापालिकेच्या उर्दू शाळेत मुलांना लोहाच्या गोळ्या वाटल्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांनी त्या शाळेतली १२ वर्षांची एक मुलगी वारली. बातमी वस्तीत पसरली की गोळीने मुलगी मेली. मग ज्यांनी ज्यांनी गोळी खाल्ली होती त्या मुलांच्या आईवडिलांनी मुलांना उचलले आणि रुग्णालय गाठले. राजावाडी आणि शताब्दी रुग्णालयांत शेकडो मुले आली. कोणाला मळमळ, कोणाला चक्कर, कोणाचे पोट दुखत होते. बहुतेक मुलांना तपासून घरी पाठवण्यात आले.

शवविच्छेदनानंतर महापालिकेने सांगितले की त्या मुलीचा मृत्यू क्षयरोगाने, म्हणजे टीबीने झाला.

आता थोडे थांबून विचार करा. त्या दिवशी सगळी वस्ती गोळीकडे बघत होती. आईवडील घाबरले यात त्यांची चूक नाही. मुलांना काय दिले, का दिले, त्याने काय होऊ शकते, हे त्यांना आधी कोणी नीट सांगितले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. लोहाच्या गोळीने मळमळ होते, पोटात दुखते, शौच काळी होते. ही माहिती आधी मिळाली असती तर मळमळ झाल्यावर आईने लिंबूपाणी दिले असते, रिक्षा केली नसती. पण यापेक्षा मोठा प्रश्न दुसराच आहे. एका बारा वर्षांच्या मुलीला टीबी होता, आणि तिच्या आजाराचे नाव लोकांना कळले ते ती गेल्यावर.

मला आज जे सांगायचे आहे ते या घटनेत आहे. व्हिटॅमिनच्या गोळीचे दुष्परिणाम असतात, ते मी सांगणारच आहे. पण सगळ्यात मोठा दुष्परिणाम पाकिटावर छापलेला नसतो. तो असा की गोळीच्या नादात आजार झाकला जातो. गोळीवर आंधळा भरवसा ठेवला तरी झाकला जातो आणि गोळीची आंधळी भीती बाळगली तरी झाकला जातो.

किती म्हणजे जास्त?

व्हिटॅमिन दोन प्रकारची असतात. काही पाण्यात विरघळतात, बी आणि सी. त्यांचा बराचसा जादा भाग लघवीवाटे निघून जातो. बी-कॉम्प्लेक्स खाल्ल्यावर लघवी पिवळीजर्द होते ती त्यामुळेच. त्याने घाबरायचे कारण नाही. दुसरी चरबीत विरघळतात, ए, डी, ई आणि के. यातली ए आणि डी शरीरात साठून राहतात. आज खाल्ले आणि उद्या बाहेर गेले असे त्यांचे होत नाही.

डी पासून सुरू करू, कारण तिची पुडी आज घरोघरी आहे. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल. डॉक्टर सहसा ती आठवड्यातून एक, अशी काही आठवडे घ्यायला सांगतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट आहे. म्हणजे एका पुडीत १०० दिवसांची गरज भरलेली असते. आता कोणी ‘आठवड्यातून एक’ हे ऐकले नाही आणि रोज एक घेतली तर? महिन्याभरात ३,००० दिवसांचा, म्हणजे आठ वर्षांहून जास्त काळाचा डोस पोटात गेला.

यात शरीरात काय होते? डी व्हिटॅमिन अन्नातले कॅल्शियम रक्तात ओढून घेते. डी खूप झाले की रक्तात कॅल्शियम वाढते. मग तहान लागते, वारंवार लघवीला जावे लागते, बद्धकोष्ठ होते, मळमळ होते, भूक मरते, माणूस सुस्त होतो, गोंधळतो. पुढे मूत्रपिंडावर परिणाम होतो. आणि आपला खान्देश कसा आहे? मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो. तहान लागली, सुस्ती आली, तर कोणाला गोळीचा संशय येणार? सगळे म्हणणार, उन्हाने झाले. पुन्हा तेच, खरे कारण झाकले गेले.

याचा अर्थ डी घेऊ नका असा नाही. घरात राहणाऱ्या, ऊन न लागणाऱ्या आपल्या अनेक आई-बहिणींना तिची कमतरता असते. हाडे दुखतात ती खरोखर दुखतात. पण डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या, आणि ‘आठवड्यातून एक’ असेल तर कॅलेंडरवर त्या वारावर खूण करा. जुम्याचा दिवस ठरवला तर लक्षातही राहील.

आता ए. या व्हिटॅमिनने अनेक बालकांची दृष्टी वाचवली आहे. आपल्याकडे नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी त्याचा डोस दिला जातो. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत आणि आपल्या शेजारच्या मालेगावात गोवराची मोठी साथ आली होती. गोवर झालेल्या मुलाला ए व्हिटॅमिनचे दोन मोठे डोस दोन दिवसांत दिले जातात, कारण गोवरात डोळे जाण्याचा आणि जीव जाण्याचा धोका असतो. हा योग्य उपचार आहे. आता २०२५ चे उदाहरण बघा. अमेरिकेत टेक्सासमध्ये गोवराची साथ आली. काही लोकांनी ऐकले की ए व्हिटॅमिन गोवरावर चालते. त्यांनी लस टाळली आणि मुलांना घरीच हे व्हिटॅमिन पाजत राहिले. लबक शहरातल्या रुग्णालयात काही मुले अशी आली की गोवराबरोबरच त्यांच्या यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या होत्या, ए व्हिटॅमिन जास्त झाल्यामुळे. व्हिटॅमिन तेच होते. मोजून दोन दिवस दिले तर औषध, अंदाजाने रोज दिले तर विष. आणि गोवर टाळते ती लस, व्हिटॅमिन नाही. अफवा फक्त आपल्याच मोहल्ल्यात पसरतात असेही नाही, शिकलेल्या, श्रीमंत देशातही पसरतात.

गरोदर स्त्रियांसाठी ए बद्दल आणखी एक गोष्ट. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या महिन्यांत, या व्हिटॅमिनचा जास्त डोस बाळाला व्यंग आणू शकतो. मल्टिव्हिटॅमिन, कॉड लिव्हर ऑइल आणि वरून रोज कलेजी, असे सगळे एकत्र झाले तर बेरीज वाढते. बकरी ईदला घरात कलेजी असतेच. इतरांनी बेतात खाल्ली तर ती चांगलीच आहे, लोह आणि बी-बारा भरपूर देते. पण गरोदर बहिणीने तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

सी व्हिटॅमिनची गोष्ट कोविडपासूनची. २०२० मध्ये जळगावात कोविडने किती घरे उजाडली ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा सी आणि झिंकच्या गोळ्या चघळायची सवय लागली, ती काही जणांची अजून आहे. सी ची रोजची गरज १०० मिलिग्रॅमच्याही आत आहे. चघळायची एक गोळी ५०० ची असते. जादा सी ने जुलाब होतात, पोटात जळजळ होते, आणि शरीरात त्याचे ऑक्झलेट बनते, ज्यातून मुतखडा होऊ शकतो. उन्हात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या आपल्या भागात मुतखडा आधीच घरोघरी आहे. एक पेरू खाल्ला तर दिवसाचे सी मिळून जाते. झिंकही महिनोन्महिने जास्त घेतले तर शरीरातले तांबे कमी होते.

बी-सहा हे सगळ्यांत शिकवणारे उदाहरण आहे. टीबीच्या औषधांमुळे हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून त्या औषधांबरोबर अनेकदा थोडे बी-सहा देतात. म्हणजे थोडक्या मात्रेत ते नसांना वाचवते. पण तेच मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतले तर नसांना इजा करते आणि हातापायांना मुंग्या येतात. रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास, आणि बाजारात १०० मिलिग्रॅमच्याही गोळ्या मिळतात. मुंग्या आल्या म्हणून ‘नसांची गोळी’ घ्यायची, आणि त्या गोळीनेच मुंग्या वाढल्या म्हणून आणखी घ्यायची, असेही होऊ शकते.

जे मित्र सिगारेट-बिडी ओढतात आणि वरून ‘अँटिऑक्सिडंट’ घेऊन हिशेब बरोबर झाला असे समजतात, त्यांच्यासाठी एक अभ्यास सांगतो. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,००० हून अधिक पुरुषांवर मोठी चाचणी झाली. त्याचे निकाल १९९४ मध्ये आले. अपेक्षा अशी होती की बीटा कॅरोटीनच्या गोळीने फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल. झाले उलटे. गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. गाजराचा यात काही दोष नाही, गाजर खा. पण गोळीत भरलेली, एकटी, मोठ्या मात्रेतली गोष्ट गाजरासारखी वागत नाही. सिगारेटवर उपाय एकच, ती सोडणे.

झाकलेले आजार

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर मेटफॉर्मिन हे नाव ओळखीचे असेल. हे चांगले औषध आहे, पण वर्षानुवर्षे घेतल्यावर काही जणांत बी-बारा कमी होते. बी-बारा कमी झाले की थकवा येतो, पायाला मुंग्या येतात. आता समजा घरच्यांनी ‘रक्त वाढवायची’ म्हणून जास्त फॉलिक ॲसिड असलेली गोळी आणून दिली. फॉलिक ॲसिड रक्ताची तपासणी सुधारते. हिमोग्लोबिन बरे दिसते, सगळे खूश. पण बी-बाराअभावी नसांची जी झीज चालू होती ती चालूच राहते, आणि ती कधीकधी भरून येत नाही. रिपोर्ट चांगला आणि माणूस वाईट, असे होते.

दुसरे, बायोटिन. लग्न ठरले की केस आणि नखांसाठी या गोळ्या सुरू होतात. गोड गमीच्या रूपातही मिळतात. बायोटिन स्वतः फारसे त्रासदायक नाही, पण मोठ्या मात्रेत रक्तात असले तर थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही तपासण्यांचे निकाल खोटे येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला. म्हणून रक्त द्यायला जाल तेव्हा लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगा की मी हे घेते.

तिसरे, लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, पाचवी फेरी, २०१९ ते २०२१. त्यानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यामुळे लोहाच्या गोळीची गरज खरी आहे. शाळेत दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी मिळते, गरोदर बहिणींना रोजची लाल गोळी मिळते. ती फेकू नका. पण रक्त कमी असण्याचे कारण प्रत्येक वेळी लोहच असते असे नाही. पोटात जंत असतील, पाळीत फार रक्त जात असेल, मूळव्याध असेल, टीबी असेल. कारण तसेच राहिले तर वरून गोळ्या ओतून किती भरणार?

आणि खान्देशात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची आहे. नंदुरबारपासून शिरपूर, चोपडा, यावल, रावेरपर्यंत सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. आपले तडवी बांधवही याच पट्ट्यात राहतात. सिकलसेलमध्ये रक्त कमी असते ते लालपेशी मोडतात म्हणून. थॅलेसेमिया हा दुसरा आनुवंशिक आजार. नात्यात लग्ने होतात तिथे आईवडील दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते आणि मुलाला मोठा थॅलेसेमिया होऊ शकतो. अशा मुलाला वरचेवर रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्तातून इतके लोह शरीरात साठते की ते काढायला औषध द्यावे लागते. त्याला कोणी ‘रक्त वाढावे’ म्हणून टॉनिक पाजले तर ते हृदयावर आणि यकृतावर घाव घालते. म्हणून हिमोग्लोबिन वारंवार कमी येत असेल, गोळी घेऊनही वाढत नसेल, तर साध्या तपासणीवर थांबू नका. सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी मागा. निकाह ठरवताना आपण सगळे विचारतो, ही एक तपासणीही विचारली पाहिजे. त्यात लाज नाही.

आणि घरात लहान मूल असेल तर लोहाच्या गोळ्या उंच ठेवा. रंगीत, गोड आवरणाची गोळी मुलाला चॉकलेट वाटते. मूठभर गोळ्या खाल्लेल्या लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. असे झाले तर उलटीची वाट न बघता ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठायचे, आणि गोळीचे पाकीट बरोबर न्यायचे.

जिमच्या मुलांसाठी दोन शब्द. लेबल नसलेली पुडी, ‘वजन वाढवायची’ गोळी, खुल्या डब्यातले चूर्ण, कोणीही दिले तरी घेऊ नका. अशा मालात स्टिरॉइड मिसळलेले आढळते. भूक लागते, गाल भरतात, पंधरा दिवसांत फरक दिसतो, म्हणून विश्वास बसतो. पण तो फरक सुजेचा असतो. साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. आणि बरेच दिवस घेतलेले स्टिरॉइड अचानक बंद करणेही धोक्याचे असते. जे घेत असतील त्यांनी लपवू नये, डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडावे.

भीतीची दुसरी बाजू

गेल्या काही वर्षांत रेशनवर फोर्टिफाइड तांदूळ आला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-बारा मिसळून तांदळासारखेच दाणे बनवतात आणि साध्या तांदळात शंभरात एक या प्रमाणात टाकतात. हे दाणे किंचित वेगळे दिसतात. त्यावरून अफवा उठली, प्लास्टिकचा तांदूळ आला. अनेक घरांत बायका ते दाणे निवडून फेकतात. ज्या घरात पोषण सगळ्यात कमी, तिथेच ते कचऱ्यात जाते. तो तांदूळ प्लास्टिकचा नाही. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर मात्र त्याच्यासाठी डॉक्टरांना जरूर विचारा.

कॅप्सूलबद्दलही एक प्रश्न आपल्याला पडतो, उघड विचारला जात नाही. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते, ते जनावरापासून येते, मग ते हलाल का? प्रश्न रास्त आहे. पण आपण काय करतो? डॉक्टरांसमोर मान डोलावतो आणि घरी येऊन औषध फेकतो. डॉक्टरांना वाटते रुग्ण औषध घेतोय. त्यापेक्षा सरळ विचारा, डॉक्टरसाहेब, हीच गोष्ट गोळीत, पावडरमध्ये किंवा शाकाहारी कॅप्सूलमध्ये मिळेल का? बहुतेक वेळा मिळते. आपला प्रश्न सभ्यपणे विचारण्यात कमीपणा नाही.

रमजानचेही तसेच. अनेक बहिणी महिनाभर लोहाची गोळी बंद करतात, किंवा इफ्तारला खजुराबरोबर रिकाम्या पोटी घेतात आणि मग मळमळते. गोळी नीट जेवण झाल्यावर, तरावीहच्या आधी किंवा नंतर घेता येते. चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. लिंबू असेल तर चांगले. आणि आजारी माणसाला, गरोदर स्त्रीला रोज्यात सवलत दिलेली आहे हे आपण सगळे जाणतो. शरीर आपल्याकडे अमानत आहे असे आपण म्हणतो. अमानत सांभाळायची म्हणजे ती कशी चालते हे समजून घ्यायचे.

पाच प्रश्न

आता काम काय करायचे? मी तुम्हाला पाच प्रश्न देतो. घरात कुठलीही गोळी आली की हे विचारायचे. डॉक्टरांना, मेडिकलवाल्याला, आशाताईला, शाळेतल्या बाईंना. भांडायचे नाही, विचारायचे.

एक, ही कशासाठी आहे? माझ्यात काय कमी आहे, आणि ते कशावरून ठरले?

दोन, किती आणि केव्हा? रोज का आठवड्याला, जेवणाआधी का नंतर?

तीन, कधी थांबवायची? ज्या गोळीला शेवटची तारीख नाही ती वर्षानुवर्षे चालते.

चार, हिने काय त्रास होऊ शकतो? त्यातला कुठला साधा आणि कुठल्या त्रासात लगेच यायचे?

पाच, मी आधीपासून जे घेतो त्याच्याबरोबर चालेल का? यासाठी घरातल्या सगळ्या गोळ्या, हकिमांची पुडीसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. दोन वेगवेगळ्या नावांच्या पाकिटांत तेच व्हिटॅमिन असते, हे पिशवी उघडल्यावरच कळते.

लेबल वाचायलाही शिका. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असे छापावे लागते, म्हणजे हे आजार बरा करण्यासाठी नाही. सांगितलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नये, असेही छापावे लागते. हे बारीक अक्षरात इंग्रजीत असते. आपल्या अम्मीला ते वाचता येत नाही, तुम्हाला येते. शिकलेल्या मुलाचा आणि मुलीचा घरात एवढा तरी उपयोग झाला पाहिजे.

कुठल्याही औषधाने, व्हिटॅमिनने किंवा लसीने त्रास झाला तर नोंदवता येतो. भारत सरकारचा औषधदक्षता कार्यक्रम आहे, त्याचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः फोन करू शकतो. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गोळीने पोरगी गेली’ असे पाठवण्याआधी हा फोन करा. ग्रुपवर टाकलेली गोष्ट भीती वाढवते. इथे टाकलेली गोष्ट तपासली जाते, आणि गोळीत खरोखर खोट असेल तर ती पकडली जाऊ शकते. सरकारी म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. हिशेब मागा. पण हिशेब मागायची जागा ही आहे. आपल्या संविधानातल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी यांचा उल्लेख आहे. हा फोन म्हणजे त्याच कर्तव्याचा लहानसा भाग आहे.

आणि शेवटचे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणे, भूक न लागणे, यातले काही घरात कोणालाही असेल तर ताकदीची गोळी आणू नका. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, जवळ प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. थुंकीची तपासणी करा. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि औषध पूर्ण घेतले तर टीबी बरा होतो. मुलीला टीबी आहे हे कळले तर तिचे लग्न होणार नाही, म्हणून लपवणारी घरे आपल्यात आहेत. त्या घरात जाऊन बोलणारी मुले-मुली तुमच्यातूनच तयार व्हायला हवीत.

आज घरी गेलात की एक करा. औषधांचा डबा उघडा, प्रत्येक पाकीट हातात घ्या आणि विचारा, हे कोण घेते, कशासाठी, कधीपासून? ज्याचे उत्तर घरात कोणालाच देता येणार नाही, ते पाकीट घेऊन उद्या डॉक्टरांकडे जा.